मार्थेच्या हातचं जेवून

मार्था आणि मरीयेवरचं प्रवचन ऐकताना तुम्ही कधी आतून कुकरची शिट्टी ऐकली आहे का? ऐकली असेल, तर ती कुणाच्या जेवणासाठी वाजली हे स्वतःला विचारलंत का?

मी वाचायला शिकले ती मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पत्रकांवर. कुरकुंभच्या आमच्या दोन खोल्यांत ती फडताळावर असत, गादीखाली असत, पिठाच्या डब्यामागेही असत. मार्थेचं पत्रक मला तोंडपाठ होतं. येशू या दोघी बहिणींच्या घरी आला, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकात अडकली, तिने तक्रार केली आणि बोलणी खाल्ली. चित्रात मरीया गोरी, शांत. मार्थेच्या कपाळाला आठ्या, हातात परात. चित्र काढणाऱ्याने जन्मात परात उचलली नसणार.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्याकडे घरसभा भरे. शिरूरहून पाळकसाहेब मोटरसायकलवर येत. गीतं, प्रार्थना, प्रवचन, मग साक्षी. देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेकाने उभं राहून सांगायचं. शेवटी मटण. आई आठवडाभर औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला उभी असायची आणि त्या रविवारी सकाळपासून गॅसपुढे.

तिला एकदा साक्ष द्यायची होती. भाकऱ्या थापताना ती पुटपुटायची, म्हणून मला ती साक्ष ठाऊक होती. माझ्या धाकट्या भावाला आकडी आली तेव्हा दौंडच्या जीपमध्ये एका अनोळखी धनगर बाईने त्याला मांडीवर घेतलं. पदर ओला करून दवाखान्यापर्यंत त्याचं कपाळ पुसलं आणि नाव न सांगता निघून गेली. आईला सगळ्यांसमोर तिचे आभार मानायचे होते. एवढंच. पण साक्षीची वेळ आणि भाकऱ्यांची वेळ एकच. साहेबांना भाकरी तव्यावरची लागे.

एका रविवारी प्रवचन मार्थेवरच होतं. आजच्या बायका स्वयंपाकघरात हरवल्यात, प्रभूच्या पायाशी बसायला त्यांना सवड नाही, असं साहेब म्हणाले. माना डोलल्या. माझ्या वडिलांचीही डोलली. साक्षी सुरू झाल्या तशी आई पिठाच्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, मला बोलायचं आहे.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ताई, आधी जेवणाचं बघा. साक्ष पुढच्या वेळी."

कोपऱ्यातले एक मामा म्हणाले, "त्यांचा रस्सा हीच त्यांची साक्ष हाय." सगळे हसले.

आई आत गेली. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. परत येऊन ती साहेबांच्या अगदी पायाशी मांडी घालून बसली.

"गॅस बंद केलाय. परातीत पीठ हाय, तवा हाय. आता मी मरीया. भाकरी कोण थापतंय?"

कुणी हललं नाही. मी उठायला लागले, तर आईने माझा फ्रॉक धरला. "तू बस."

मग तिने साक्ष दिली. आमेन कुणी म्हटलं नाही. साहेबांनी एवढंच विचारलं, त्या बाईला येशू माहीत होता का.

"म्या इचारलं न्हाई," आई म्हणाली. "तिनं बी मला इचारलं न्हाई."

मटण अर्धकच्चं राहिलं. साहेब नुसतं पाणी पिऊन निघून गेले. पुढच्या महिन्यापासून घरसभा दुसऱ्या घरी भरू लागली, जिथली बाई आतून बाहेर येत नव्हती. वडिलांनी आईशी अबोला धरला. मार्थेला येशूने बोल लावले खरे, पण निदान तिचं ऐकून घेतल्यावर. आमच्या मंडळींना तेवढंही जमलं नाही, आणि हे लोक त्याच गोष्टीवर प्रवचनं देत फिरतात.

तुमच्या घरी सभा भरणार असेल, तर पहिल्या गीताआधी उठा. गॅस स्वतः बंद करा. आतल्या बाईला बाहेर बोलवा आणि पहिली साक्ष तिची घ्या. ती संपली की परात तुम्ही ओढा.