दोन वाटा, एक चादर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात ऐन मे महिन्यात जो भयंकर प्रकार घडला, त्याची हकिगत आजपर्यंत दडवून ठेवण्यात आली होती. ती आज कुणीही न विचारता जाहीर करण्यात येत आहे. नाजूक काळजाच्या मंडळींनी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावे.

त्या विभागाचा प्रमुख मी. विभागात माणसं दोन, मी आणि एक ऑपरेटर ताई. म्हणजे प्रमुखपणा गाजवायला एकच माणूस, पण मी त्यात कसर ठेवली नव्हती. ताई माळशिरसकडच्या एका खेड्यातली, शहरातल्या जुळे सोलापूर भागात एका खोलीत राहायची. ऑफिसात अगदी पुस्तकी बोलायची आणि नेमणूक कंत्राटी होती.

आमच्याकडे सर्व्हर दोन. एक जुन्या इमारतीत माझ्या ताब्यात, दुसरा मैदानापलीकडे नव्या इमारतीत. एक पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं, म्हणून दोघं एकमेकांना सेकंदासेकंदाला विचारत राहतात, "आहेस ना?" "आहे की!" हे विचारणं पोहोचावं म्हणून मी दोन वेगळ्या केबल टाकून घेतल्या होत्या. एक तुटली तरी दुसरी आहेच. पण दोन्ही गेल्या की प्रत्येकाला वाटतं, दुसरा गेला, आता कारभार आपला. दोघांनी एकदम कारभार हातात घेतला तर ह्या पेशंटचे कागद त्या पेशंटला चिकटायचे. तसं होऊ नये म्हणून यंत्रणा सगळंच थांबवते. मग खाली केस पेपरच्या खिडकीवर रांग तुंबते आणि रांगेतून सल्ले येतात, "कंप्युटर बंद हाय व्हय? मग हातानं ल्हिवा की!"

एप्रिलअखेर सर्व्हरच्या खोलीत नवा एसी बसला आणि आठवड्याभरात दोन्ही लिंक, म्हणजे ह्या दोन केबलींवरचा संपर्क, पडू लागल्या. रोज, एकच्या सुमारास. आणि दोन्ही, मिनिटभराच्या अंतरानं! मी हादरलो. केबल बदलल्या. कनेक्टर बदलले. मैदानात खणलेला चर पायी तपासला, तर उन्हानं माझंच टाळकं फिरलं. काही सापडेना.

एक गोष्ट मात्र मनाला गारवा देणारी होती. लिंक पडली की मी धावत आत शिरायचो, केबल काढायचो, घालायचो, दहा मिनिटांत दिवे लुकलुकू लागायचे. "साहेबांच्या हाताला गुण आहे," असं केस पेपरच्या खिडकीपर्यंत पसरलं होतं. ते पसरवायला मीही थोडा हातभार लावला होता.

त्या खोलीत थंडी मात्र विलक्षण. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत अठरा. सोलापूरकराला चव्वेचाळीस सोसतात, अठरा नाही. सकाळी दहाला आत बसून नोंदी तपासायच्या, तर अंगावर काहीतरी हवं. म्हणून घरची जाड चादर नेऊन ठेवली होती. हे आपलं माझ्या प्रकृतीची माहिती असावी म्हणून सांगितलं.

तर मुख्य डॉक्टरांनी मला बोलावलं. हा माणूस ऑपरेशन करताना शांत आणि कंप्युटर बंद पडला की थरथरणारा. "कारण लेखी द्या," म्हणाले. मी विचार केला. खोलीची किल्ली ताईकडे. रोज साडेबाराला ती आत जाऊन तापमान लिहून ठेवते आणि एकला लिंक पडते. मी टेबलाशी बसून झोकदार अक्षरांत अहवाल लिहिला, "बिघाडाचे कारण मानवी हस्तक्षेप असावे." शब्द माझे मलाच आवडले. त्या दोन शब्दांत एका मुलीची नोकरी आहे, हे सही करताना मला सुचलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

शनिवारी डॉक्टरांनी आमच्या विभागात येऊन तिला माझ्यासमोरच सांगितलं, "सोमवारी पुन्हा असं झालं तर ह्या महिन्यानंतर येऊ नका."

ती माझ्याकडे वळली. "सर, मी आत कशालाच हात लावत नाही. तुम्हीच सांगितलंय ना, कशालाही हात लावायचा नाही?"

"सांगितलंय," मी म्हणालो.

तिनं कमरेची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "मग सोमवारी ही तुमच्याकडेच राहू द्या. मी दाराशीसुद्धा येणार नाही."

सोमवार उजाडला. किल्ली माझ्या खिशात. दहाला मी आत गेलो, चादर पांघरून नोंदी तपासल्या, साडेदहाला कुलूप लावून बाहेर आलो. ताई माझ्यासमोर खुर्चीत. पाणी प्यायलाही उठली नाही. साडेबारा झाले. एक झाला. तिचे डोळे स्क्रीनवर, माझे तिच्यावर.

एक वाजून सात मिनिटांनी पहिली लिंक गेली. आठव्या मिनिटाला दुसरी.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे, ताई समोर! खालून आरडाओरडा सुरू झाला, डॉक्टर जिन्यावरून धापा टाकत आले आणि आम्ही तिघं खोलीकडे पळालो. मी कुलूप काढलं. आत पाऊल टाकताच नेहमीची हुडहुडी भरली, म्हणून रॅकशेजारच्या फळीवरून चादर उचलली, खांद्यावर घेतली आणि केबलींसमोर उकिडवा बसलो.

"सर," दारातून ताई म्हणाली, "तुम्ही उचलली त्या चादरीखाली काय आहे?"

खाली तळहाताएवढे दोन डबे होते. मैदानापलीकडून येणाऱ्या दोन्ही केबल त्यांना जोडलेल्या. त्यांच्यातून गेल्याशिवाय इकडचा निरोप तिकडे जात नाही. दोन स्वतंत्र वाटा, पण दिसायला नीटनेटकं असावं म्हणून दोन्ही डबे मीच एका फळीवर शेजारी शेजारी मांडले होते. दोघांचेही दिवे विझलेले.

डॉक्टरांनी एका डब्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "आई गं! भाजलं की हो!"

मग आमच्या देखत, कुणीही कशाला हात न लावता, पहिल्या डब्याचा दिवा लुकलुकला. थोड्या वेळानं दुसऱ्याचा.

मी चादरीकडे पाहिलं, मग डब्यांकडे. रोज साडेदहाला घडी करून ती जाडजूड चादर ह्या दोन डब्यांवर मीच ठेवत होतो. अडीच तास ते बिचारे आत उकडत होते. मग मी धावत यायचो, थंडी वाजते म्हणून चादर उचलायचो, जाताना ती खुर्चीवर टाकायचो, डबे निवायचे आणि गुण माझ्या हाताला! आणि ताईला ती चादर रोज दिसत होती. माझ्या हुकुमानं तिनं तिला बोटही लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी खिशातून माझा अहवाल काढला. "मानवी हस्तक्षेप," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चादरीत गुंडाळलेल्या मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बोला आता. मी कामावरून काढायचं कुणाला?"

मी चादर आणखी घट्ट लपेटून घेतली. तेव्हा दारातून, ऑफिसातली सगळी पुस्तकी भाषा विसरून, ताई ओरडली,

"कुनालाच काढू नगा, डॉक्टर! ह्यास्नी आदी एक स्वेटर घिऊन द्या की!"