हनीफभाईंचा हौद

आखातातल्या खोर फक्कान बंदरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हनीफभाईंनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं, पण लिटल हॅम्बरी नावाच्या तिथल्या एका खेड्याच्या भानगडी त्यांना बाणकोटच्या भानगडींइतक्याच पाठ होत्या. मूळचे बाणकोटचे, धंद्याने सुतार. हातात पटाशी नसली तरी बोलताना हवेत पटाशी चालवायचे. भानगडी पुरवणारे पेंबर्टनसाहेब पोर्टवर इंजिनिअर होते. ते आपल्या गावाचा आणि गावच्या चर्चचा इतिहास लिहीत होते, आणि तो ऐकून घेणारा माणूस त्यांना हा एकच मिळाला होता.

साहेब इतिहास हिंदीत सांगत. चर्च आठशे वर्षांचं. मनोऱ्यावर वीज पडली, गावाने तो परत बांधला, परत वीज पडली. एकदा जत्रेच्या गडबडीत शेजारच्या गावाने घंटा पळवली, तेव्हापासून त्या गावाशी सोयरीक बंद. "बराबर किया," हनीफभाई म्हणत. ते स्वतः सासुरवाडीशी याहून लहान कारणावरून बोलत नव्हते.

१९९८ साली चर्चचं छप्पर गळायला लागलं. दुरुस्तीसाठी गावात मेळा भरणार होता, आणि त्यात ठेवायला साहेबांना चर्चचं लाकडी मॉडेल हवं होतं. हनीफभाईंनी मजुरीचा विषयच काढू दिला नाही. त्यांना दर्शनी बाजूला एक पितळी पट्टी हवी होती, तिच्यावर आपलं नाव. साहेब हो म्हणाले. खलास. जुलेखाभाभींनी त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना कळवलं की ह्यांचं नाव इंग्लंडला निघालंय.

साहेबांनी दिलेले फोटो सगळे समोरून काढलेले. मागे काय आहे हे हनीफभाईंनी विचारलं नाही, कारण ते त्यांना माहीत होतं. इबादतीची जागा म्हटली की हातपाय धुवायला हौद आलाच. तो त्यांनी सागवानात कोरला. पायऱ्या, बसायला ओटे, तळाला निळा रंग. दाराशी चपलांचं छोटं कपाट.

त्यांची मुलगी एमान शाळेतून आली आणि दप्तरही न काढता म्हणाली, "अब्बा, दे डोन्ट वॉश देअर फीट."

"म्हणजे आठशे वर्षं लोक तसेच आत जातायत? काहीतरीच."

कंटेनर निघायच्या आदल्या दिवशी साहेब आले. समोरून पाहताना त्यांचे डोळे भरून आले. मग ते मागे गेले.

"हनीफ, ये स्विमिंग पूल किसका है?"

"हौद है साहेब. पाँव धोने का."

"हम लोग जूता पहनके अंदर जाता है."

हनीफभाई स्टुलावर बसले. त्यांनी हळूच विचारलं, मग फरशी कोण पुसतं. मिस ग्रिम्बल, साहेब म्हणाले, ऐंशीच्या पुढची आहे. हनीफभाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेबांची अडचण खरी होती. मेळ्याला गावची इतिहास समिती येणार, आणि ती खिडकीची एक काच चुकली तरी माणसाला सोडत नसे. हौद दिसला की हसणार, आणि पुढे नाव हनीफचं. तेव्हा, साहेब म्हणाले, एक तर हौद काप, नाहीतर मी पट्टी काढतो.

हनीफभाईंनी करवत उचलली.

"कापा की," जुलेखाभाभी दाराआडून म्हणाल्या. "पाहुण्यांना काय सांगू मी?"

करवत हौदाच्या काठावर टेकली. तिथेच राहिली. मग हनीफभाईंनी ती खाली ठेवली.

"नाम निकालो साहेब. हौद रहने दो. वो बुढ्ढी कितना पोंछेगी?"

मॉडेल बिननावाचं गेलं. जुलेखाभाभी पुढचे बरेच दिवस त्यांच्याशी फक्त एमानमार्फत बोलल्या, आणि ती इंग्रजीत निरोप देत असल्यामुळे हनीफभाईंना निम्मा राग कळलाच नाही.

मेळा झाल्यावर साहेबांनी लिटल हॅम्बरीहून फोन केला. समिती आधी हसली, मग हौद असावा की नसावा यावरून आपसांत भांडली. पोरांनी त्यात पाणी ओतून कागदी होड्या सोडल्या. दर्शनी बाजूकडे कोणी फिरकलं नाही. शेवटी मिस ग्रिम्बल काठी आपटत पुढे आली. एवढ्या वर्षांत माझ्या फरशीचा विचार करणारा हा पहिला माणूस, म्हणाली, आणि त्याचं नाव कुठे आहे? साहेबांनी खिशातली पट्टी काढून तिच्यासमोर हौदाच्या काठावर ठोकली.

हनीफभाईंनी फोन ठेवून घरात सांगितलं. जुलेखाभाभी प्रथमच थेट बोलल्या. नाव पुढे लावलंय की मागे, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"जिकडे गर्दी आहे तिकडे," हनीफभाई म्हणाले, आणि चहा मागितला.