सीताफळाच्या बिया आणि साधूची बायको

शनिवारी संध्याकाळी आम्ही नवराबायकोनं सीताफळं खाल्ली. दौलताबादकडची होती, लई गोड. मधे एकच ताटली, दोघांच्या बिया तिच्यातच.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या महिला मंडळात बायकोची बोलायची पाळी होती. वर्षातून एका रविवारी तिथं ख्रिस्ती विश्वासातल्या जुन्या माणसाची गोष्ट सांगतात. बोलायचं ते ती आधी मला ऐकवायची. मी चौथी शिकलेला, शेंद्र्याला कंपनीत वॉचमन होतो. मला कळलं म्हंजे सगळ्या बायांना कळलं, असा तिचा हिशेब.

ह्या वेळी इटलीतला एक साधू होता. मठात राहून मोठा विद्वान झाला. पण बायबल वाचता वाचता त्याचं पोपच्या लोकांशी पटेना. पकडतील म्हणून डोंगर ओलांडून पळाला, परमुलखात शिकवायला लागला. मठ सोडून आलेल्या एका सिस्टरशी लग्न केलं. मग दोघं इंग्लंडला गेले. ती बाई गरिबांना द्यायची-घ्यायची, अन् आलुबुखाऱ्याच्या बियांवर माणसांची तोंडं कोरायची.

मी म्हणालो, "तू सीताफळाच्या बीवर कुणाचं कोरशील?"

"तुमचंच. काळं अन् गुळगुळीत."

ती बाई तिकडंच वारली. पुढं पोपच्या बाजूचं राज्य आलं, साधूला तो देशही सोडावा लागला. मागं विरोधकांनी बाईचं मढं उकरून उकिरड्यात टाकलं.

एवढं सांगू नको म्हणालो. म्हाताऱ्या बाया येतात, त्यांना अन्न जायचं नाय.

"मग तिला परत मानानं मातीत ठेवलं, ते कसं सांगू?"

सकाळी बघू म्हणाली, ताटली खाटेखाली सरकवली अन् आडवी झाली.

सकाळी उठलीच नाय. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. पोरगी पुण्याहून निघाली होती, ती आल्यावर दुपारी माती द्यायचं ठरलं. पाळकसाहेब प्रार्थना करून उपासनेला गेले. उपासना सुटल्यावर मंडळाच्या बाया सरळ घरी आल्या, तिच्याभोवती सतरंजीवर बसल्या. गाणं कुणाला म्हणवेना. सगळ्यात थोरली म्हणाली, आज मंडळ नाय, हिची पाळी राहिली ती राहिलीच.

मी म्हणालो, "राहिली नाय. मी सांगतो."

तिच्याजवळच भिंतीला टेकून सांगितलं. साधूचं लग्न आधी लावलं, पळवला नंतर. बाई वारली त्या गावाचं नाव आठवेना. ती असती तर टोकलं असतं. उकिरड्यापाशी आलो तशा बायांनी तोंडाला पदर लावले. एकीनं थांबा म्हणून हात केला. मी थांबलो नाय. तिथं थांबलो असतो तर ती बाई उकिरड्यातच पडून राहिली असती. साधूच्या बाजूच्यांचं राज्य परत आलं, त्यांनी तिला उचललं, मोठ्या चर्चमधे मानानं मातीत ठेवलं, एवढं सगळं सांगितलं.

मग पाणी मागितलं.