दाराची लाल पट्टी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण अनोळखी गाडीत बसलो की माझा हात आधी दाराची आतली कडी शोधतो. घरचे हसतात. हसू देत. त्या कडीमुळे एक निर्दोष माणूस वाचला, आणि त्याला तुरुंगात धाडायला निघालेला मीच होतो.

तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी सातच्या सुमारास चकलांब्याकडच्या नव्या रस्त्यावर कळप ओलांडून नेणाऱ्या एका मेंढपाळाला भरधाव गाडीने उडवलं. तो जागीच गेला. कळपामागून येणाऱ्या त्याच्या बायकोने फिर्याद दिली.

"गाडी लई बुटकी व्हती, साहेब. मेंढराएवढी. मानूस खाली उतरला, माझ्या धन्याकडं बघितलं, परत बसला अन् गेला. धुराळ्यात तोंड न्हाई दिसलं."

ती रडत नव्हती. प्रत्येक शब्द लिहिला जातोय का, हे बघत होती.

तिसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन आला. एका जिनिंगच्या गोदामात ताडपत्रीखाली कायतरी बुटकं झाकलंय म्हणाला. ताडपत्री काढली तर शर्यतीच्या गाडीवरून बनवलेली परदेशी मोटार, पुढचा भाग चेपलेला. गोदामाचे मालक भागातलं बडं प्रस्थ, गाडी त्यांच्या मुलाची. वजन कमी करायला तिच्यातली मागची सीट, रेडिओ, गालिचा सगळं काढून टाकलेलं. पंचनामा करताना मी आत बसलो आणि दार लावून घेतलं. उघडायला गेलो तर कडीच नाही! हवालदाराने हसू दाबत बाहेरून दार उघडलं. मग सापडलं, कडीच्या जागी कापडाची लाल पट्टी होती, ती ओढायची. मला ती शोभेची वाटली होती.

गाडी ठाण्यात आणली आणि त्याच दुपारी मालकांचा ड्रायव्हर स्वतः चालत आला. दहा वर्षांपासूनचा नोकर, चाळिशीचा, गरीब चेहऱ्याचा.

"साहेब, गाडी मीच चालवत व्हतो. मला आत घ्या."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वरून फोन सुरू झाले होते. आरोपी आयता मिळाला, कागद पूर्ण झाले, मी मोकळा. त्याचा जबाब घ्यायला बसलो. प्रत्येक उत्तर पाठ केल्यासारखं येत होतं.

"धडक बसल्यावर काय केलंस?"

"दार उघडून खाली उतरलो, बघितलं, घाबरलो, पळालो."

दार उघडून. माझं पेन थांबलं.

पंचनाम्याच्या वेळच्या दोन्ही पंचांना बोलावलं. आवारात उभ्या गाडीत त्याला बसवलं, दार लावलं आणि म्हणालो, "आता उतर."

त्याने दार चाचपलं. वर, खाली, सीटच्या बाजूला. काच खाली घ्यायचं बटण शोधलं, तेही सापडेना. लाल पट्टीला त्याचा हात दोनदा लागला आणि दोनदा पुढे सरकला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. शेवटी त्याने हात मांडीवर ठेवले आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

मी दार उघडलं. तो उतरला नाही, तिथेच बसून रडला.

"आमाला या गाडीला हातबी लावू देत न्हाईत, साहेब."

"मग कशाला आलास रे मरायला?"

"मालक म्हनले, जा."

"नाही म्हणायचं होतंस."

त्याने मान वर केली. त्याला खरोखर नवल वाटलं होतं. "न्हाई म्हनता येतं व्हय, साहेब?"

त्यानंतर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. ते मी पहिल्याच दिवशी मागवायला हवं होतं, याची लाज आजही वाटते. धडकेच्या थोडं आधी त्या गाडीत मालकांचा मुलगा एकटाच होता. दोषारोपपत्र त्याच्याविरुद्ध गेलं. फोन येतच राहिले. मेंढपाळाच्या बायकोने न्यायालयात एक शब्दही बदलला नाही.

स्वतः चालत आलेल्या आरोपीसमोर मी पुढे कधी निवांत बसलो नाही. ज्याला कुणी कधी नकार द्यायला शिकवलं नाही, तो माणूस कशावरही सही करतो, आणि आम्ही त्याला कबुली म्हणतो.

मागच्या वर्षी तो ड्रायव्हर गेवराईच्या स्टँडवर भेटला. आता स्वतःचा टेम्पो चालवतो. चहा झाल्यावर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, परवा एका बड्या मानसाला न्हाई म्हनलो."

"मग?"

"काईच झालं न्हाई," तो म्हणाला आणि हसला.