चार जणांची तर्री

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात आमच्या ओळखीच्या मराठी घरांत निदान एक माणूस तरी असा असतोच, जो बाहेर मिळणारं सगळं घरी करून बघतो. पाणीपुरी, पावभाजी, इथल्या डिनर रोलमध्ये कोंबलेला वडा. आमच्या घरात ती मी. ऑफिसमधून आल्यावर फोनवर 'वीस मिनिटांत' म्हणणारी रेसिपी शोधायची आणि सव्वा तास घालवून ती करायची, हा माझा छंद. नवरा पुण्याचा. तो माझ्या मिसळीला नावं ठेवतो आणि तीनदा घेतो. फक्त एक पदार्थ मी कधी केला नव्हता, आणि तोही माझ्याच गावचा. तर्री-पोहे. पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा, त्यावर लाल तेलाचा तवंग, मग कच्चा कांदा आणि लिंबू. नागपूरच्या माणसाची सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही.

न करण्याचं कारण मी कुणाला सांगत नसे. माझ्या बाबांचा तर्री-पोह्यांचा ठेला होता. चार चाकांची हातगाडी. त्या ठेल्यावर मी इंजिनिअर झाले, आणि अमेरिकेत आल्यावर पहिल्याच पार्टीत कुणी विचारलं तेव्हा सांगितलं, "बाबांचं रेस्टॉरंट आहे." तोंडातून गेलं ते गेलं. घरी नवऱ्याला खरं ठाऊक होतं, तरी पुढे दर पार्टीत ते रेस्टॉरंट थोडं थोडं वाढत गेलं. एरवी मला धड खोटं बोलता येत नाही. हे एवढं मात्र छान जमलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

यंदा बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. आईनं विमानात बसायला साफ नकार दिला, म्हणून एकटेच. दुसऱ्या आठवड्यात आम्ही डेव्हनला, इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, किराणा आणायला गेलो. जाड्या पोह्यांच्या पिशव्यांसमोर माझी एक मैत्रीण भेटली. नमस्कार-चमत्कार झाले आणि तिनं प्रेमानं विचारलं, "काका, तुमचं रेस्टॉरंट आता कोण मॅनेज करतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभरच. मग म्हणाले, "बंद केलं. वय झालं न आता."

परतताना ते गाडीत पोह्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी मात्र पार्किंगवर, पुढच्या बसवर, हायवेवर, सगळ्यांवर चिडत राहिले. माफी मागायची वेळ आली की मी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर चिडू शकते.

माफीऐवजी मी दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे केले. फोनवरची रेसिपी, इलेक्ट्रिक कुकर, तयार मसाला. बाबांनी चार घास खाल्ले आणि "चांगले झाले" म्हणाले. लग्नात जेवून निघालेला पाहुणा म्हणतो, तसं. माझं डोकं फिरलं. "मग तुम्हीच करून दाखवा ना!"

"चार लोकायची मले नाही येत, बेटा."

मला वाटलं, नखरे करतायत. पण दुपारी त्यांनी खरंच करून पाहिली. तिखटाची मूठ भरली, थोडं परत डब्यात टाकलं, पुन्हा घेतलं. मीठ घालताना हात हवेतच थांबला. दीडशे प्लेटींचा हात तो. त्याला चमचा ठाऊकच नव्हता. शेवटी जे झालं त्यात तिखट, मीठ आणि तेल तिघंही एकमेकांशी भांडत होते. बाबांनी स्वतःच पातेलं बाजूला सारलं आणि ओटा पुसायला घेतला. मी त्यांना काही सुचवूही शकत नव्हते. लहानपणी ठेल्याजवळ गेले की ते मला हाकलून द्यायचे, "इथं काय करून राहिली? पुस्तक घे." घेतलं पुस्तक. तर्री राहून गेली.

उपाय नवऱ्यानं काढला. "अहो बाबा, चार जणांची येत नाही तर लोक बोलवू या की." त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला, गणपतीच्या महाप्रसादाचं मोठं पातेलं, आमच्या भाषेत गंज, मागून आणलं. शनिवारी सकाळी साठेक माणसं येणार असं ठरलं.

शुक्रवारी आम्ही दोघं कांदे चिरत बसलो होतो. बाबा हळूच म्हणाले, "कोणी विचारलंच, तर सांगीन, रेस्टॉरंटात आचारी होता, त्याचं पाहून शिकलो. तू टेन्शन नको घेऊ."

मी "बरं" म्हणाले. हे लिहिताना हात अडतो आहे, पण तेव्हा मी "बरं" म्हणाले.

शनिवारी गॅरेजसमोर गॅसची शेगडी पेटली. भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस, मग तिखट. एकदाही चव न घेता तर्री झाली. ड्राइव्हवेवर रांग लागली. बाबांच्या डाव्या हातात प्लेट, उजव्या हातानं पोहे, मग ओगराळं गंजात जाऊन तळातले हरभरे आणि वरचा तवंग एकदमच उचलून आणायचं. "तेज पाहिजे का साधी?" कुणाची प्लेट रिकामी दिसली की न विचारता वर आणखी तर्री. तीन आठवड्यांत बोलले नसतील एवढं ते त्या तासाभरात बोलले. इतके देखणे माझे बाबा मी पूर्वी कधी पाहिलेच नव्हते, कारण त्यांना काम करताना मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

नवऱ्याच्या ऑफिसमधला एक मुंबईकर पुढे आला. "काका, काय स्पीड आहे यार! ओनर असून स्वतः सर्व्ह करायचात?"

"नाही," बाबा म्हणाले, "आमच्या रेस्टॉरंटात एक आचारी..."

कधीच नसलेल्या त्या आचाऱ्याला बाबा आपला हात देऊन टाकत होते. मला ते सोसवेना.

"आचारी नव्हता," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला. "रेस्टॉरंटही नव्हतं. मी खोटं बोलत होते. बाबांचा ठेला होता, रस्त्यावर. पंचवीस वर्षं उभं राहून त्यांनी मला शिकवलं."

डेव्हनला भेटलेली मैत्रीण आपल्या प्लेटीकडे बघत राहिली. बाबांनी ओगराळं गंजातून वर काढलं, प्लेट भरली, समोरच्याच्या हातात दिली.

"सत्तावीस वर्षं," ते म्हणाले, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.