ठिणगीचा रंग

काल मुलाने अंगणात वडिलांची जुनी मोटारसायकल उघडली. पेट्रोलचा वास आला आणि मी दारात येऊन उभी राहिले.

लग्नाचं दुसरं वर्ष होतं, हा पोटात होता. मिठागरातल्या चकाकीने यांची नजर अधू झालेली, रंग नीट कळत नसत. गाडी अडली की हे मला हाक मारायचे. प्लग काढून इंजिनला टेकवायचे, वर गोणपाटाची सावली करायचे आणि किक मारायचे. ठिणगी निळी दिसली तर ठीक. पिवळी म्हणजे कमजोर, गाडी वाटेत बंद पडणार.

त्या सकाळी मी बोंबील साफ करत होते.

"निली हाय का पिवली?" यांनी विचारलं.

"निली हाय, जावा आता," मी दारातूनच म्हटलं. मी बघितलंच नव्हतं.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर गाडी मधेच बंद पडली. मागून कंटेनर येत होता. सगळ्यांनी कंटेनरच्या ड्रायव्हरला दोष दिला. मीही दिला.

काल मुलाने किक मारली. "आय, बघ गो, कशी हाय?"

मी गोणपाटाखाली वाकून नीट बघितलं.

"पिवली हाय. जाऊ नको रे."

तो हसला. "आय, मी कुठं चाललोय?"