पट्टा बांधून बसलेले साडू

दुसऱ्यांच्या पडण्याची माझ्या थोरल्या साडूंइतकी धास्ती घेतलेला माणूस गिरगावात दुसरा झाला नसेल. स्वतः रस्ता ते वाटेल तसा ओलांडत. पण लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की वधूवरांआधी छताकडे बघत आणि झुंबर टांगणारा कशावर उभा होता याची चौकशी करत. ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आपल्यासारख्या गरीब देशात कामावरचा माणूस धडधाकट राहिला तर देशाचा फायदा किती, यावर ते एक अहवाल लिहीत होते. माझ्या लग्नात तो ‘संपत आला’ होता. माझी मुलगी कॉलेजात गेली तेव्हाही संपतच आला होता. त्यासाठी ते दिसेल त्याला विचारत, “धोक्याच्या कामाचे जास्त किती घेतोस?” आमच्याकडे स्टुलावर स्टूल ठेवून पंखा लावणारा वायरमन म्हणाला, “काका, बिल ताईंना सांगितलंय. आता वाढवणार नाही.” साडूंनी तेही वहीत उतरवलं.

घरचा गणपती सांगायला आम्ही दोघे लालबागच्या एका कारखान्यात जायचो. तिथे मोठ्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा दिनू बांबूच्या परांचीवर दोन मजले उंच उभा असे. मालकाने आणलेला सुरक्षेचा पट्टा खाली खिळ्याला लटकलेला. साडूंनी मान वर करून विचारलं, “पट्टा न बांधण्याचे जास्त किती घेतोस?”

“घेऊचे कसले, सर? बांधलो तर लोक हसतले. म्हणतले, दिनू घाबारलो.”

साडूंनी वही मिटली. परतताना भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला आम्ही थांबलो. तिथे ते म्हणाले, “इतकी वर्षं मी पैसे विचारत बसलो. हा लाजेपायी जीव टांगतोय, आणि माझ्या अहवालात लाजेला रकानाच नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक पट्टा विकत आणला. परांचीखाली गुडघ्याएवढ्या स्टुलावर बसले, स्वतःला बांबूला बांधून घेतलं आणि पेपर उघडला. बघायला निम्मी गल्ली जमली.

“काय सर, स्टुलावरनं पडाल काय?”

“वय झालंय. सांगता येत नाही.”

लोक खालीच इतके हसले की वर बघून हसायचं त्यांना सुचेना. तिसऱ्या दिवशी दिनूने खिळ्यावरचा पट्टा मुकाट्याने काढून बांधला. तेव्हापासून दरवर्षी आखणी संपेपर्यंत साडू रोज संध्याकाळी तिथे स्वतःला बांधून बसत. माझी मेव्हणी चहाचा थर्मास द्यायची आणि हे कुणाला सांगू नका म्हणायची.

गेल्या चैत्रात ते झोपेत गेले. जमिनीपासून दीड फुटावर, आपल्या पलंगावर. अहवाल अपुराच राहिला.

यंदा गणपती सांगायला मी एकटाच गेलो. दिनू वर होता. पट्टा खिळ्याला होता.

“दिनू, पट्टा?”

“सर नाय ना खाली,” तो म्हणाला आणि ब्रश रंगात बुडवला.

चारचौघांत मी कधी आवाजही चढवलेला नाही. स्टूल जागेवरच होतं, साडूंचा पट्टा बांबूला तसाच. मी बसलो. बकल लागायला बराच वेळ लागला. रंग कालवणारे दोघे हसू लागले. “काका, आता तुम्ही काय?” एकाने विचारलं. मी पिशवीतलं पुस्तक काढून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

थोड्या वेळाने दिनू खाली उतरला, माझ्याकडे न बघता पट्टा घेऊन वर गेला. कडी अडकल्याचा आवाज आला.

“भाऊ,” तो वरून म्हणाला, “आखणी अजून बारा दिवस चालतली.”